कुळागराची प्रसिद्धी करायची कशी? जाहिरात आणि जनसंपर्काच्या बदललेल्या कामाविषयी

गोव्याच्या फोंडा तालुक्यात वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे सुपारी-मसाल्यांची बाग, असलेल्या एका तरुणीने मला एक प्रश्न विचारला आहे. तिचे वडील गेली वीस-बावीस वर्षे पर्यटकांना कुळागर दाखवतात, केळीच्या पानावर जेवण वाढतात आणि मिरी, जायफळ, भिरंडांची (कोकमांची) सोले, खोबरेल असा माल दारातच विकतात. चवथीला (गणेश चतुर्थीला) आणि दिवाळीला वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि एखादा कार्यक्रम झाला की प्रसिद्धिपत्रक पाठवायचे, ही त्यांची जुनी रीत आहे. आता एका एजन्सीने त्यांच्यापुढे महिना चाळीस हजार रुपयांचा प्रस्ताव ठेवला असून त्यात दहा हजार फॉलोअर्सची आणि पन्नास संकेतस्थळांवर बातमी झळकवण्याची हमी दिली आहे. वर्तमानपत्रातील जाहिरात बंद करून हा पैसा तिकडे वळवावा का, जाहिरात आणि जनसंपर्क ही आता वेगवेगळी कामे राहिली आहेत का, आणि गूगलवर कुणी वाईट अभिप्राय लिहिला तर काय करावे, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

माझे उत्तर आधी थोडक्यात सांगतो. एजन्सीचा प्रस्ताव आहे त्या रूपात स्वीकारू नका आणि वर्तमानपत्राशी असलेले नाते तोडू नका. परंतु या दोन्हींच्या आधी एक काम करा. तुमच्याकडे येऊ पाहणारा माणूस नेमके काय विचारतो ते गोळा करा आणि त्याची खरी उत्तरे, त्याच्या बोलीत, तो जिथे शोधेल तिथे ठेवा. गेल्या पंचवीस वर्षांत आमच्या व्यवसायात जे काही बदलले त्याचा गाभा मला यातच दिसतो, आणि तो नीट समजावा म्हणून पूर्वी हे काम कसे चालत असे ते सांगणे आवश्यक आहे.

मी १९९० च्या दशकाच्या आरंभी पणजीत या व्यवसायात आलो. ग्राहकाचा कार्यक्रम सकाळी झाला की दुपारी तीनपर्यंत पत्रक टंकलिखित करायचे, फोटो स्टुडिओतून धुऊन आणायचे, प्रत्येक फोटोच्या मागे 'डावीकडून' असे लिहून पेन्सिलीने नावे घालायची आणि पाच वाजायच्या आत स्कूटरवरून एकेका दैनिकाच्या कचेरीत ती पाकिटे पोचवायची, असा आमचा दिवस असे. पेन्सिलच वापरायची, कारण पेनाने लिहिले तर त्याचा दाब फोटोच्या चेहऱ्यावर उमटतो. जागा कमी पडली की उपसंपादक मजकूर खालून कापत असे, म्हणून महत्त्वाचे ते पहिल्या चार ओळींत बसवायचे, हे मला पहिल्याच महिन्यात शिकवले गेले. आज मागे वळून पाहताना लक्षात येते, की ते पत्रक आम्ही वाचकासाठी लिहीतच नव्हतो. आमचा वाचक एकच होता, आणि तो म्हणजे त्या टेबलामागे बसलेला उपसंपादक. त्याला पटले तर बातमी लागायची, नाही तर तिचा तिथेच शेवट व्हायचा.

जाहिरातीचा दरवाजा वेगळा होता. तिथे स्तंभ सेंटिमीटरचा दर ठरलेला असे, ब्रोमाइड, म्हणजे जाहिरातीची छपाईसाठी तयार छायाप्रत, द्यायचे आणि पैसे भरायचे. एकाच इमारतीत जाहिरात विभाग आणि संपादकीय विभाग यांची दारे निरनिराळी असत आणि आमच्या कचेरीतही ही दोन कामे दोन निरनिराळी माणसे करीत. जाहिरात म्हणजे विकत घेतलेली जागा आणि जनसंपर्क म्हणजे विनंती करून मिळवलेली जागा, असा तो सरळ भेद होता. दोन्हींत ग्राहक मात्र बाहेर उभा असे. त्याला काय हवे आहे हे त्याने कुणाला विचारावे अशी सोयच नव्हती. आम्ही जे सांगू ते त्याने ऐकायचे, एवढेच त्याच्या वाट्याला येत असे.

या व्यवसायाची सुरुवात मात्र अशी नव्हती, हे मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. १९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्वेनिया रेल्वेचा मोठा अपघात झाला. तोपर्यंतची कंपन्यांची रीत अपघात दडपण्याची होती. आयव्ही ली या सल्लागाराने त्याऐवजी कंपनीकडून माहितीचे निवेदन काढायला लावले आणि वार्ताहरांना घटनास्थळी जाण्याची सोय करून दिली. आधुनिक प्रसिद्धिपत्रकाचा उगम त्या निवेदनात मानला जातो. विचारणाऱ्याला खरी माहिती वेळेवर देणे हा त्याचा पाया होता. पुढे त्यावर सत्कारांचे, उद्घाटनांचे आणि 'मान्यवरांच्या शुभहस्ते' दीपप्रज्वलनाचे इतके थर चढले, की पाया दिसेनासा झाला.

आता बदल कोणता झाला ते पाहू. १९९८ मध्ये गूगल आले, २००४ मध्ये फेसबुक, २००५ मध्ये यूट्यूब, २०१० मध्ये इन्स्टाग्राम. परंतु आपल्याकडे खरा फरक २०१६ नंतर पडला, कारण त्या वर्षी जिओमुळे मोबाइलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यांतील माणूसही दिवसभर जोडलेला राहू लागला. ही साधने वेगवेगळी असली तरी त्यांच्यामुळे एक गोष्ट समान घडली. ग्राहकाला प्रश्न विचारता येऊ लागला, आणि तोही एकांतात, रात्री अकरा वाजता, कुणाच्या मध्यस्थीविना. कोल्हापूरचा एखादा गृहस्थ चवथीनंतरच्या सुट्टीत आईवडिलांना घेऊन गोव्यात येणार असेल, तर तो तुमची जाहिरात दिसण्याची वाट पाहत नाही. 'फोंड्याजवळ मसाल्याची बाग, वयस्कर माणसांना जमेल का' असे तो फोनला विचारतो. त्या क्षणी त्याला उत्तर देणारे पान ज्याचे असेल, त्याच्याकडे तो जातो.

म्हणूनच जाहिरात आणि जनसंपर्क यांच्यातील भिंत पडली असे मी म्हणतो. तुमच्या संकेतस्थळावरील ते पान ही जाहिरात आहे की प्रसिद्धिपत्रक? ते पान तो गृहस्थ वाचतो, पत्रकार वाचतो, सहल काढणाऱ्या शाळेचे शिक्षक वाचतात आणि बँकेचा अधिकारीही कर्जाचा अर्ज आल्यावर वाचतो. कागदोपत्री दोन कामे वेगळी ठेवता येतील, परंतु समोरच्याला ती वेगळी दिसत नाहीत. शिवाय तुमच्या पानाखाली पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय असतात आणि ते तुम्ही लिहिलेल्या ओळींपेक्षा जास्त विश्वासाने वाचले जातात. याचा अर्थ तुमचा वाढपी, तुमचा पाडेली (नारळ पाडणारा) आणि दारावर तिकीट फाडणारा मुलगा हे सगळे आता जनसंपर्काचे काम करीत आहेत, त्यांना ते माहीत असो वा नसो.

आता तुमच्या कुळागराकडे येतो. एक शंभर पानी वही घ्या आणि एक आठवडा वडिलांच्या फोनजवळ बसा. प्रत्येक फोन, प्रत्येक व्हॉट्सअॅप संदेश, दारावर आलेल्या पाहुण्याचा प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून काढा. मी हे काम बऱ्याच ग्राहकांकडून करून घेतले आहे आणि दरवेळी वहीत तीच गंमत दिसते. मालकाला जे सांगायचे असते, म्हणजे घराण्याचा इतिहास, किती जातींची झाडे आहेत, कोण कोण मोठी माणसे येऊन गेली, ते कुणीच विचारीत नाही. विचारले जाते ते असे: कदंबची (राज्य परिवहनाची) बस कुठपर्यंत येते, तिथून किती चालायचे, पावसात बाग दाखवता का, जळवा असतात का, शुद्ध शाकाहारी जेवण वेगळे शिजते का, सोमवारी मासळी नको असेल तर काय, आजीला गुडघेदुखी आहे तर ती बसून काय पाहील, शौचालय कसे आहे, कार्ड चालते की रोख लागते. यांतील प्रत्येक प्रश्न म्हणजे येऊ पाहणारा, पण अजून न ठरलेला एक पाहुणा आहे.

या प्रश्नांची उत्तरे लिहिताना काहीही लपवू नका. जून ते सप्टेंबर जळवा असतात, तर असतात असेच लिहा, आणि आपण मीठ किंवा तंबाखूचे पाणी देतो का, बूट देतो का, तेही लिहा. ज्याला जळवांची भीती आहे तो येणार नाही, आणि ते चांगलेच आहे, कारण तो आला असता तर घरी जाऊन एक तारा देऊन तक्रार लिहिली असती. ज्याला पावसातले कुळागर पाहायचे आहे तो मात्र हे वाचून निर्धास्तपणे येईल. खरे सांगितल्याने गिऱ्हाईक तुटते, ही भीती मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. माझा अनुभव उलटा आहे: चुकीचे गिऱ्हाईक तुटते आणि योग्य ते टिकते.

भाषेबद्दल विशेष सांगावेसे वाटते, कारण गोव्यात इथेच सर्वांत जास्त हेळसांड होते. इथल्या पर्यटन व्यवसायातील बहुतेक संकेतस्थळे फक्त इंग्रजीत असतात, जणू सगळे पाहुणे परदेशातूनच उतरतात. तुमच्याकडे कोल्हापूर, सांगली, बेळगाव, सिंधुदुर्गातून येणारे कुटुंब मराठीत विचार करते आणि आता बोलून शोधण्याची सोय असल्याने मराठीतच विचारते. त्यांच्यासाठी इंग्रजी मजकुराचे यांत्रिक भाषांतर टाकू नका. वहीतले प्रश्न मराठीत आले आहेत, तर उत्तरे मराठीतच सुचू द्या. 'कुळागर' हा शब्द घाटावरच्या माणसाला ठाऊक नसतो, म्हणून तो एकदा समजावून सांगा: डोंगराच्या उतारावर, पाटाच्या पाण्यावर वाढलेली, सुपारीच्या सावलीत मिरीचे वेल आणि केळी सांभाळणारी बाग. हा शब्द टाकून देऊन 'स्पाइस फार्म' एवढेच म्हणत राहिलात, तर तुमच्यात आणि शेजारच्या चार बागांत फरक उरणार नाही.

चित्रफितींचेही तसेच आहे. सुपारी उतरवणारा माणूस एका झाडाच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसऱ्या झाडावर कसा जातो, हे तुमच्या घरी रोजचे असेल, पण पुण्याच्या मुलाने ते कधी पाहिलेले नसते. फोन आडवा किंवा उभा स्थिर धरा, अर्ध्या मिनिटाचे चित्रण करा, त्यावर गाणे न लावता झाडाचा करकर आवाज आणि खालून वडिलांनी मारलेली हाक तशीच राहू द्या. जायफळ फुटते तेव्हा आतली लाल जायपत्री कशी दिसते, भिरंडे फोडून सोले उन्हात कशी घालतात, कोणत्या महिन्यात काय चालते, हे वर्षभर पुरेल इतके साहित्य तुमच्या अंगणातच आहे. एजन्सीतील मुलाला ते सांगून करवून घेण्यापेक्षा ज्याने जन्मभर ते पाहिले त्याने दाखवणे केव्हाही सरस ठरते.

आता एजन्सीच्या दोन हमींबद्दल स्पष्ट बोलतो. दहा हजार फॉलोअर्सची हमी कुणीही प्रामाणिक माणूस देऊ शकत नाही, कारण दुसऱ्याच्या मनावर कुणाचा ताबा नसतो. हमी मिळते ती विकत घेतलेल्या खोट्या खात्यांचीच, आणि ती खाती फोंड्याला जेवायला येत नाहीत. पन्नास संकेतस्थळांवर बातमी हा प्रकार त्याहून फसवा आहे. पैसे घेऊन पत्रके जशीच्या तशी छापणारी पाने असतात, ती कुणी वाचत नाही, आणि मोबदला देऊन मिळवलेल्या दुव्यांवर तशी खूण करावी, असा गूगलचा नियमच असल्याने त्या दुव्यांनी शोधात तुमचे स्थानही वर जात नाही. तुमच्या तालुक्यातील वार्ताहराने स्वतः येऊन लिहिलेली एक बातमी या पन्नासांना भारी पडते.

त्यामुळे वर्तमानपत्राचा प्रश्न आपोआप सुटतो. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात सुरू झाला, आणि मुक्तीनंतर १९६२ मध्ये 'गोमन्तक', १९७० मध्ये 'नवप्रभा' अशी मराठी दैनिके उभी राहिली. एवढ्याशा राज्यात मराठी, कोकणी आणि इंग्रजी मिळून इतकी दैनिके आजही वाचली जातात, ही साधी गोष्ट नव्हे. सकाळी चहाबरोबर पेपर चाळणारा साठीचा गृहस्थच घरची सहल ठरवतो, मुलाच्या लग्नातील पाहुण्यांना कुठे न्यायचे तेही तोच सुचवतो. चवथीची शुभेच्छा जाहिरात कमी करा, कारण त्या पानावर पन्नास चौकटींत तुमची चौकट हरवते. तोच पैसा हंगाम सुरू होण्याआधी, ऑक्टोबरच्या आरंभी, फोन क्रमांक आणि वेळ ठळक असलेल्या एका नेमक्या जाहिरातीवर खर्च करा.

पत्रकारांशी वागण्याची रीत मात्र बदला. सत्काराचे पत्रक पाठवणे थांबवा. पत्रकाराला आता तुमच्या पत्रकाची फारशी गरज उरलेली नाही. त्याला विषय हवा असला तर तो आधी शोध घेतो, तुमचे पान वाचतो आणि मग फोन करतो. फोन आला की उचलणारा आणि माहिती असणारा माणूस हवा. यंदा अवकाळी पावसाने मिरीच्या तुऱ्यांचे काय झाले, खेती (माकडे) आणि गवे बागेत शिरून किती नासधूस करतात, सुपारी काढणारी माणसे मिळेनाशी का झाली, हे सगळे बातमीचे विषय आहेत आणि त्यांवर बोलण्याचा अधिकार तुमच्या वडिलांना आहे. असे चार वेळा खरे, उपयोगी बोललात, की पाचव्या वेळी वार्ताहर स्वतःहून तुम्हाला विचारील. प्रसिद्धी अशीच साचत जाते.

इन्फ्लुएन्सर मंडळींविषयी तुम्ही विचारले नाही, पण ती तुमच्या दाराशी येतीलच. 'आम्हाला दोन दिवस फुकट राहू द्या, आम्ही रील करतो' असा संदेश मला माहीत असलेल्या प्रत्येक होमस्टेला आलेला आहे. बोलवायचे तर जरूर बोलवा, पण कायदा समजून घेऊन. जाहिरात मानक परिषद अर्थात एएससीआय ही संस्था १९८५ पासून आहे. तिने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियमावली काढली. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. दिशाभुलीच्या जाहिरातीसाठी हे प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. फुकट मुक्काम, फुकट जेवण, भेटवस्तू हे सगळे मोबदल्यातच धरले जाते आणि ते प्रेक्षकाला स्पष्ट दिसेल अशा रीतीने सांगावे लागते. म्हणून पाहुणचार करण्याआधीच लेखी ठरवा, की चित्रफितीवर 'जाहिरात' असे लिहिले जाईल. याला नकार देणाऱ्याला नम्रपणे निरोप द्या.

हाच नियम तुमच्या मालाच्या वर्णनालाही लावा. कोकमाने वजन उतरते, जायफळाने अमुक आजार बरा होतो, असे कुठेही लिहू नका. पुडीवर परवाना क्रमांक, वजन, तारीख आणि बनवणाऱ्याचा पत्ता हवाच. बाजारातून आणलेली मिरची तुमच्या दुकानात असेल, तर तिला काणकोणची खोला मिरची म्हणू नका. त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे, जसे फेणीला २००९ मध्ये मिळाले. पूर्वी असा खोटेपणा एखाद्या गिऱ्हाइकापुरता राहत असे. आज काणकोणचाच एखादा शेतकरी फोटो पाहून खाली दोन ओळी लिहितो आणि त्या दोन ओळी वर्षानुवर्षे तिथे राहतात.

वाईट अभिप्रायाच्या प्रश्नावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते आजच्या जनसंपर्काची खरी परीक्षा इथे होते. काही वर्षांपूर्वी एका होमस्टेच्या मालकाने मला रात्री फोन केला. मे महिन्यात विहिरीचे पाणी खाली गेले होते, एका कुटुंबाला सकाळी अंघोळीला पाणी मिळाले नाही, आणि त्यांनी घरी जाऊन एक तारा देऊन तसे लिहिले. मालकाने रागाच्या भरात उत्तर दिले, की तुम्ही चार माणसांचे पैसे भरून सहा माणसे आणली होती, मग पाणी कसे पुरणार. त्या उत्तराचा स्क्रीनशॉट पुढच्या तीन दिवसांत प्रवासाच्या अनेक व्हॉट्सअॅप गटांत फिरला. मूळ तक्रार कदाचित पन्नास माणसांनी वाचली असती. उत्तर मात्र सगळ्यांनी वाचले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकत्र बसून नवे उत्तर लिहिले. त्यात चारच वाक्ये होती. पाणी नव्हते हे खरे आहे आणि ती आमची चूक होती. सहा माणसे येणार हे आम्हाला आदल्या रात्री कळले होते, तेव्हाच टँकर सांगायला हवा होता. एप्रिल आणि मे महिन्यांत आता टाकी रोज रात्री भरून ठेवली जाते. तुमचे एका दिवसाचे पैसे परत करीत आहोत आणि पहिले उत्तर रागाने लिहिले गेले, त्याबद्दल क्षमा मागतो. मालकाला शेवटचे वाक्य लिहिणे फार जड गेले, ते मी समोर बसून पाहिले आहे. परंतु त्या कुटुंबाने आपला अभिप्राय न काढताही त्याखाली पैसे मिळाल्याची नोंद केली, आणि पुढे कितीतरी पाहुण्यांनी 'तुमचे ते उत्तर वाचून आलो' असे त्याला सांगितले. अभिप्रायाचे उत्तर तक्रार करणाऱ्यासाठी कमी आणि नंतर वाचणाऱ्यासाठी जास्त असते. त्याने फक्त एवढेच पाहायचे असते, की उद्या माझ्याबाबतीत चूक झाली तर हा माणूस कसा वागेल.

खोटे चांगले अभिप्राय भाच्या-पुतण्यांकडून लिहून घेण्याचा मोह मात्र टाळा. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे हे ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार निषिद्ध आहे, आणि २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानकही आले आहे. नियम बाजूला ठेवला तरी एकाच आठवड्यात आलेली वीस पंचतारांकित वाक्ये शहाणा माणूस लगेच ओळखतो.

याच संदर्भात आपल्या राज्याचे उदाहरण देतो. २०२४ च्या नोव्हेंबरात परदेशी पर्यटकांनी गोव्याकडे पाठ फिरवली आहे, असे सांगणारी एक पोस्ट आकड्यांसह समाजमाध्यमावर फिरली. पर्यटन खात्याने त्या आकड्यांना आक्षेप घेऊन पोलिसांत तक्रार केली. माझे स्पष्ट मत आहे, की त्या तक्रारीने पोस्टला मूळची नव्हती तेवढी प्रसिद्धी मिळाली. टॅक्सी, दर, कचरा यांविषयी खाली लिहिणाऱ्यांत पैसे खर्चून इथे आलेले पाहुणेही होते. त्यांना उद्देशून, एकेका मुद्द्याला धरून, खात्याने उत्तर दिले असते तर गोव्याचे जास्त भले झाले असते. मोठ्या खात्याला जे लागू, तेच तुमच्या कुळागरालाही लागू आहे.

व्हॉट्सअॅपविषयी माझी स्वतःची एक चूक सांगतो. एका ग्राहकाच्या काजू दुकानासाठी आम्ही पूर्वीच्या बिलांवरून दीड-दोन हजार क्रमांक गोळा केले आणि चवथीच्या आधी सर्वांना एकाच दिवशी दरपत्रक पाठवले. त्यांतील कितीतरी लोकांनी तक्रारीचे बटण दाबले आणि संध्याकाळी दुकानाचा क्रमांकच बंद झाला. ऐन माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजाराच्या दिवसांत जुनी गिऱ्हाइकेही पोचेनाशी झाली. बिलासाठी दिलेला क्रमांक जाहिरातीसाठी वापरण्याचा आम्हाला अधिकार नव्हता, हे तेव्हा उमगले. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्याने तर संमती हाच मुख्य आधार मानला आहे. तुम्ही पाहुण्याला जाताना विचारा, की नवी सोले आणि मिरी तयार झाली की कळवू का. हो म्हणणाऱ्यालाच तुमचा क्रमांक जतन करायला सांगा, कारण प्रसारण यादीतील संदेश ज्याने तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यालाच पोचतो. अशी दोनशे नावे दोन हजारांपेक्षा मोलाची आहेत. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवण करण्याच्या दिवसांत, एप्रिल-मे मध्ये, एक संदेश पुरे होईल.

आणखी एक धोका गोव्यातील माणसाला लवकर समजतो. आपल्याकडे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत घर असलेल्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने तरी संरक्षण दिले. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरील पानाला तसे काहीच संरक्षण नाही. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने मित्र आणि कुटुंबीयांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे ठरवले आणि व्यवसायांची पाने पूर्वीइतक्या लोकांना दिसेनाशी झाली. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा खेड्यापाड्यांतील अनेक गुणी मुलांचे काही वर्षांचे काम एका रात्रीत गेले. म्हणून तिथे वावरा, पण आपल्या नावाचे संकेतस्थळ आणि पाहुण्यांची आपली नोंदवही हे दोन खांब स्वतःच्या जमिनीवर रोवा. संकेतस्थळ चार पानांचे असले तरी चालेल. ते वडिलांच्या किंवा तुमच्या नावावर नोंदलेले असू द्या, एजन्सीच्या नावावर नव्हे. ही खबरदारी न घेतल्यामुळे स्वतःचेच नाव परत मिळवण्यासाठी पैसे मोजणारे लोक मी पाहिले आहेत.

शेवटचा बदल अजून घडतो आहे. २०२४ च्या ऑगस्टपासून भारतात गूगलच्या शोधात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर सर्वांत वर दिसू लागले, आणि पुष्कळ लोक चॅटजीपीटीलाच सहलीचा बेत विचारतात. हे यंत्र तुमचे पान, वर्तमानपत्रातील बातम्या आणि पाहुण्यांचे अभिप्राय वाचून स्वतः उत्तर जुळवते. म्हणजे विचारणारा तुमच्या पानावर न येताही तुमच्याविषयी मत बनवतो. महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः त्याला तुमच्या कुळागराविषयी मराठीत आणि इंग्रजीत विचारून पाहा. वेळ, दर, रस्ता यांत चूक आढळली तर बहुधा तुमच्याच एखाद्या जुन्या पानावर ती चूक सापडेल. या यंत्राकडून रोजच्या पोस्ट लिहून घेण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. तो मजकूर कोणत्याही बागेला चालतो, म्हणूनच तुमच्या बागेला चालत नाही.

खर्चाबद्दल माझा हिशेब असा. पहिले तीन महिने एजन्सी नको. संकेतस्थळ बांधून घेण्याचा एकदाचा खर्च, बऱ्या छायाचित्रकाराची एका दिवसाची मजुरी आणि ऑक्टोबरची एक जाहिरात एवढेच करा. प्रत्येक पाहुण्याला पानावर भात वाढण्याआधी विचारा, 'आमच्याविषयी कुठून कळले?', आणि उत्तर नोंदवहीत लिहा. लाइक्स मोजू नका. चौकशीचे फोन किती, त्यांतून आले किती, आणि दुसऱ्यांदा आले किती, हे तीन आकडे मोजा. तीन महिन्यांनी एखादे काम तुमच्या हाताबाहेर जात असेल, जसे इंग्रजी लेखन किंवा चित्रफितींचे संकलन, तर तेवढ्याच कामासाठी माणूस नेमा आणि त्याला ही नोंदवही दाखवा.

आणि आज रात्रीच करण्यासारखे एक काम आहे. गूगल नकाशावरील तुमच्या कुळागराची नोंद उघडा. ती कुणी केली, फोन क्रमांक कुणाचा आहे, वेळ कोणती दिली आहे आणि नकाशावरचे टोक नेमके तुमच्या फाटकावर आहे की वरच्या वाड्यावरील मळलेल्या वाटेवर, ते तपासा. चुकीच्या टोकामुळे बस आडवाटेला अडकून परत गेलेल्या सहली मला ठाऊक आहेत. टोक सरकवायला पाच मिनिटे लागतात, आणि त्यासाठी चाळीस हजार रुपये लागत नाहीत. वहीचे पहिले पान भरले की मला पाठवा, त्यातले प्रश्न पाहून पुढचे बोलू.